एका हाताचा कार्यक्रम

उजव्या हाताची शेवटची दोन बोटं माझं ऐकेनाशी झाली, तेव्हा मी चाळिशी नुकतीच ओलांडली होती. दुखत काही नव्हतं. सकाळी नवरा मरोळला कामावर गेला, की मी गोरेगावच्या आमच्या घरात पियानोवर बसायची, आणि सुरुवातीला रोजची सप्तकं वर-खाली वाजवायची. एक दिवस वर जाताना करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आपोआप तळहाताकडे वळलं. कुणीतरी आतून दोरी ओढावी तसं. मी हात झटकला, परत बसले. परत तेच. चहा करून आले, परत तेच. भाजी चिरताना, केस विंचरताना, फोनवर टाइप करताना ती बोटं अगदी शहाण्यासारखी वागायची. फक्त पियानोच्या पट्ट्यांवर ठेवली की वळायची.

त्याच वर्षी अंधेरीतल्या एका छोट्या संगीतमंडळानं मला एकटीचा कार्यक्रम दिला होता. आयुष्यातला पहिला. तोवर मी दुसऱ्यांसाठीच वाजवत आले होते. शाळांची स्नेहसंमेलनं, चर्चमधल्या गायकवृंदाच्या तालमी, परीक्षेला बसलेल्या व्हायोलिनच्या मुलांची साथ. एकटीचा कार्यक्रम म्हणजे स्टेजवर आपण आणि पियानो, बाकी कुणी नाही. साथीला तबला नाही, मध्ये निवेदन नाही, माइकसुद्धा नाही. तासभर जे काही होईल ते आपलंच. मी त्यासाठी दोन मोठ्या सोनाटा, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रचना, बसवत होते आणि बोटं वळायला लागली.

पहिले काही महिने मी कुणालाच सांगितलं नाही. मग हाडांचे डॉक्टर झाले. त्यांनी एक्स-रे काढला आणि म्हणाले, सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका. मग फिजिओथेरपी. एका मैत्रिणीच्या ओळखीनं मुलुंडचे एक वैद्य. शेवटी अंधेरीत एका मेंदूच्या डॉक्टरांनी मला टेबलावरच वाजवल्यासारखं करून दाखवायला सांगितलं, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "मेंदूत प्रत्येक बोटाची वेगळी खोली असते, असं समजा. तुमच्या या दोन बोटांच्या खोल्यांमधली भिंत पडलीय. तीस वर्षं तेच तेच करून झिजली."

"परत बांधता येते?" मी विचारलं.

"प्रयत्न करता येतो," ते म्हणाले. डॉक्टर असं म्हणाले की काय समजायचं ते आपल्याला कळतं.

प्रयत्न केले. स्नायू सैल करणारी इंजेक्शनं कोपराखाली घेतली. त्यानं बोटं वळायची थांबली, पण उठायचीही थांबली. पट्टीवर नुसती पडून राहायची. औषधाचा असर उतरला, की पुन्हा वळायची. हे चक्र दोन-अडीच वर्षं चाललं. या काळातला त्रास कुणी विचारला तर मी बोटांचा सांगणार नाही. समजावून सांगण्याचा सांगेन. लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, विद्यार्थ्यांच्या आयांना, नवऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांना. दुखतं का? नाही. सूज? नाही. मग? प्रत्येक वेळी ती खोल्यांची आणि भिंतीची गोष्ट सांगायची. ऐकून झाल्यावर समोरचा म्हणायचा, "योगा करून बघा ना." मी हो म्हणायची. कुणी तेल सुचवलं तर तेलाचं नाव विचारून घ्यायची. एवढं केलं की संभाषण लवकर संपतं, हे मला कळून चुकलं होतं.

घरात सासूबाई होत्या. त्या मूळच्या मालवणकडच्या, लग्न होऊन परळच्या चाळीत आल्या, सासरे गिरणीत होते. सासरे लवकर गेले. गिरणी बंद पडल्यावर हे लोक गोरेगावला आले. पियानोला त्या पहिल्यापासून पेटी म्हणायच्या, आणि माझ्या रियाजाच्या वेळी आतल्या खोलीत लसूण सोलत बसायच्या. त्यांनी एकदा विचारलं, "काय गो, हल्ली पेटी अर्धीच वाजता?"

मी सांगितलं.

"दुखत नाय, सुजूक नाय, मगे डॉक्टराकडे कित्याक जातंस?" त्या म्हणाल्या. आणि नंतर, लसूण सोलता सोलता, "बरा होतला. नायतर नाय." त्यांचं हे वाक्य मला सगळ्यांच्या सल्ल्यांपेक्षा बरं वाटलं होतं.

शिकवणं चालूच होतं. उजव्या हाताचं काही दाखवायचं असलं तर मी ते डाव्या हातानं दाखवायची. मुलांना त्याचं काही वाटायचं नाही. मोठ्यांना वाटायचं. एका आईनं मला फोनवर अगदी गोड आवाजात विचारलं, की तुमचा प्रॉब्लेम मुलाच्या बोटांत येणार नाही ना? नाही येणार, म्हटलं. पुढच्या महिन्यापासून तो मुलगा आला नाही.

अंधेरीच्या मंडळाचं सगळं एक निवृत्त डॉक्टरीणबाई बघायच्या. मूळच्या घाटकोपरच्या गुजराती, पण मराठी आमच्यासारखंच बोलायच्या. आयुष्यभर बाळंतपणं केलेली बाई, त्यामुळे कुणाचं रडगाणं फार ऐकून घ्यायची सवय नाही. मी तेव्हा कार्यक्रम रद्द केला होता. दोन वर्षांनी त्यांचा फोन आला.

"तारीख देऊ का?"

"अहो, उजवा हात अजून तसाच आहे."

"डावा चालतो ना?"

"चालतो."

"मग डावा घेऊन ये. फक्त डाव्या हातासाठी लिहिलेलं म्युझिक असतं, मला माहीत आहे. आमच्याकडे एक म्हातारा वाजवून गेलाय मागे."

मलाही माहीत होतं. पियानो वाजवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. कुणाचा हात लढाईत गेला, कुणाचा अतिसरावानं दुखावला, आणि कुणी त्यांच्यासाठी, तर कुणी स्वतःसाठीच एका हाताच्या रचना लिहिल्या. माझ्या कपाटात अशी एक वहीसुद्धा होती. मी ती उघडली नव्हती. ती उघडणं म्हणजे उजव्या हाताचा दाखला शाळेतून काढून घेण्यासारखं होतं.

मी त्यांना हो म्हटलं. धीर गोळा केला वगैरे काही नाही. नाही म्हटलं की त्या का म्हणून विचारणार, मग मला पुन्हा सगळं सांगावं लागणार, त्या ते खोडून काढणार. एवढी ताकद त्या दुपारी माझ्यात नव्हती. हो म्हणणं सोपं होतं.

डाव्या हातानं दोन्ही हातांचं काम करणं हे ऐकायला जितकं विलक्षण वाटतं, तितकं ते करताना वाटत नाही. करताना ते हमालीसारखं वाटतं. करंगळीनं तळाचा सूर धरायचा, लगेच पायानं पेडल दाबून तो सूर हवेत ठेवायचा, आणि तो विरायच्या आत अंगठ्यानं वर जाऊन गाणं म्हणायचं. गाणं नेहमी अंगठ्याकडे. जो अंगठा तीस वर्षं मागे राहून साथ करायला शिकला, त्याला आता पुढे येऊन गायला लावायचं. बसायची जागाही बदलते. पियानोच्या मधोमध बसून चालत नाही, उजवीकडे सरकावं लागतं, नाहीतर वरच्या पट्ट्यांकडे जाताना हात पोटाला आडवा येतो. कंबर धरायची. खांदा धरायचा. आणि उजव्या हाताचं काय करायचं हा प्रश्न वेगळाच. मांडीवर ठेवला, तर तो डाव्याबरोबर आपणही हलायचा, आणि ती दोन बोटं तिथेही वळायची.

सासूबाईंना हे अजिबात आवडलं नाही. हात बरा नाही हे त्यांनी सहज मान्य केलं होतं, पण डाव्या हातानं लोकांसमोर वाजवायचं म्हणजे त्यांना काहीतरी चुकीचं होतंय असं वाटत होतं.

"डाव्या हातान आमी कोणाक पाणीसुद्धा दिलंव नाय कधी," त्या म्हणाल्या. "आणि तू लोकांका बोलवन डाव्या हातान वाजवतलंस?"

"आई, देवाला नाही वाहत आहे काही. वाजवतेय."

"ता तसलाच ना?"

नवरा जेवता जेवता हसला. मी हसले नाही. कारण माझी स्वतःचीही जराशी तीच तक्रार होती. पाहुण्याला आपण डाव्या हातानं काही देत नाही. मला लोकांना उरलेलं काहीतरी दिल्यासारखं वाटत होतं.

कार्यक्रमाच्या दोन-तीन महिने आधी मी बोरीवलीला माझ्या सरांकडे गेले. मी शाळेत असल्यापासून त्यांच्याकडे शिकले. वसईकडचे ख्रिस्ती, घरी मराठीच बोलणारे. आता ऐंशीच्या पुढे, पाय गेलेले, खिडकीपाशी खुर्चीत बसलेले असतात. कान मात्र शाबूत. त्यांच्या जुन्या पियानोवर मी सगळा कार्यक्रम वाजवून दाखवला.

ते म्हणाले, "प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबतेस. का?"

"श्वास घेते, सर."

"श्वास नाही घेत. वाट बघतेस. उजवा हात येईल म्हणून." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "तो येणार नाही गं. पुढे जा."

एवढंच. त्यांच्या सुनेनं चहा-बिस्किटं आणली. मी बिस्किट चहात बुडवलं आणि ते तुटून पडलं. घरी येताना रिक्षात रडू येईल असं वाटलं होतं, पण झोप आली.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी होता, अंधेरीच्या एका शाळेच्या हॉलमध्ये. पंखे बंद ठेवायचे, असा मंडळाचा नियम, कारण पियानोच्या हळू सुरांवर पंख्याची घरघर बसते. त्यामुळे लोक रुमालानं, छापील कार्यक्रमपत्रिकेनं वारा घेत बसले होते. माझे विद्यार्थी, त्यांचे आईवडील, मंडळाची नेहमीची म्हातारी जोडपी, आमच्या सोसायटीतले चार लोक, जे पहिल्यांदाच असल्या ठिकाणी आले होते आणि जरा ताठ बसले होते. सरांना त्यांच्या मुलानं गाडीतून आणून पहिल्या रांगेच्या टोकाला बसवलं. सासूबाई मधल्या रांगेत नवऱ्याशेजारी, नव्या साडीत. त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. आदल्या दिवशी त्यांनी नुसतं विचारलं, "किती वाजता निघूचा?"

डॉक्टरीणबाईंनी दोन वाक्यांत ओळख करून दिली. मी स्टुलावर बसले, उजवीकडे सरकले. अंधेरीत विमानं खूप खालून जातात. एक जाईपर्यंत थांबले आणि सुरू केलं.

पहिल्यांदा डाव्या हातासाठीच्या दोन छोट्या रचना, एक प्रेल्यूड आणि एक नॉक्टर्न. प्रेल्यूड म्हणजे दाराशी उभं राहून दोन शब्द बोलावेत तशी, पानभराची. नॉक्टर्न हे रात्रीचं गाणं. त्यात वर लांब, सावकाश सूर आहे आणि खाली लाटांसारखी साथ. वर गेलेल्या अंगठ्यानं तो सूर शेवटपर्यंत धरला. मध्येच एकदा पेडल चिरकलं. पुढच्या रांगेतल्या एका लहान मुलीनं आईला मोठ्यानं विचारलं, "ह्या बाई दुसरा हात का नाही लावत?" आई श्श म्हणाली. काही लोक हसले. मला त्यानं बरं वाटलं, का कोण जाणे. ते कुणीतरी विचारायलाच हवं होतं.

मग चार एट्यूड. एट्यूड म्हणजे खरं तर सरावाचे धडे, पण असे लिहिलेले की ऐकायलाही सुंदर वाटावेत. त्यातला एक पळता, एक नुसता दोन-दोन सुरांचा. ते नीट झाले. टाळ्यांत मी उठले, वाकले, आणि वाकताना लक्षात आलं की डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत दगडासारखा झालाय. कधी नव्हे इतका.

शेवटची रचना सगळ्यात मोठी होती. मूळ ती शेकडो वर्षांपूर्वी एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेली, नंतर कुणी ती पियानोच्या डाव्या हातासाठी उतरवली. तिच्यात तळाला एक लहानशी चाल आहे, तीन-तीन मात्रांच्या चारच आवर्तनांची, आणि ती सारखी सारखी येत राहते. वरचं मात्र दर वेळी बदलतं. कधी कण्हल्यासारखं, कधी संतापलेलं, मध्येच एकदा सगळं उजळतं आणि वाटतं, आता हे असंच राहील, आणि मग परत अंधार. तळाची चाल शेवटपर्यंत सोडत नाही. घरात मी ती वाजवताना मला आमचे रोजचे दिवस आठवायचे. डबा, कपडे, शिकवणी, औषध. तळाला तेच. वर काय बदललं तर बदललं.

अर्ध्यापर्यंत मी नीट आले. उजळणारा भाग आला, तो मला हवा होता तसा झाला. त्या संध्याकाळचं समाधान म्हणाल तर तेवढंच, दोन-तीन मिनिटांचं. पुढे वेगाचा भाग होता, आणि तिथे हात चालेना. बोटं वळली नाहीत. नुसती संपली. पुढचा सूर कुठे आहे ते मला माहीत होतं, हातही तिकडे जात होता, पण उशिरा, ओल्या कपड्यासारखा. दोन्ही हात असते तर एकाला जरा सोडता आलं असतं. इथे सोडायला दुसरं काही नव्हतं.

मी वाजवता वाजवता ठरवलं आणि ती पानं टाकली. तळाची चाल सगळीकडे तीच असते, त्यामुळे एका ठिकाणाहून सुटून पुढे जाऊन पकडता येतं. सरळ शेवटच्या भागावर आले, तो सावकाश, सुरुवातीसारखाच भारदस्त आहे, आणि तो होता नव्हता तो सगळा जीव लावून वाजवला. शेवटचा सूर एकच असतो. तो विरेपर्यंत पेडलवरचा पाय काढला नाही. वरून विमान गेलं, त्याच्या आवाजात तो कधी संपला ते मलाही कळलं नाही.

टाळ्या खूप झाल्या. लोक उभे राहिले. मी उभी राहिले आणि मला पहिली गोष्ट सुचली ती ही, की आता कुठेतरी आडवं व्हायला मिळालं तर बरं.

नंतर बाहेरच्या व्हरांड्यात कॉफी आणि सामोसे होते. माझ्याभोवती लोक जमले. "डोळे मिटले तर कळतच नाही एक हात आहे ते," असं निदान दहा जणांनी सांगितलं असेल. मी थँक यू म्हणत राहिले. कॉफीचा कप डाव्या हातात धरवेना, म्हणून उजव्यात घेतला. उजव्याला त्याचं काहीच नव्हतं.

सरांच्या खुर्चीपाशी गेले. त्यांनी माझा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि हळूच दाबून बघितला.

"मधली पानं कुठे गेली?"

"दमले, सर. हात उचलेना."

"हं." मग म्हणाले, "आधीच्या पानावर तू सोडशील असं वाटलं होतं मला. तू एक पान जास्त आलीस." आणि मुलाला म्हणाले, "चल, माझ्या गोळीची वेळ झाली."

घरी जाताना टॅक्सीत नवरा पुढे बसला होता, आम्ही दोघी मागे. जोगेश्वरीपाशी गाडी अडकली. मला वाटलं, सासूबाईंना झोप लागली. तेवढ्यात त्या म्हणाल्या,

"माका गाण्यातला काय कळणा नाय. सगळे तुझ्या डाव्या हाताकडे बघत होते. मी उजव्याकडेच बघत होतंय."

"का?"

"गप बसान होतो तो. मांडयेर." त्यांनी आपला हात मांडीवर ठेवून दाखवला. "घोव गेल्यावर लग्नाकार्यात मी अशीच बसलेलंय. सगळ्यांका काम होता, माका नाय. हात खंय ठेवचो, ताच कळणा नाय."

नवऱ्यानं मागे वळून बघितलं आणि परत पुढे बघायला लागला. सासरे गेले तेव्हा त्या माझ्या आताच्या वयाच्याही नव्हत्या. इतकी वर्षं एका घरात राहून हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. मी उजवा हात त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो तसाच राहू दिला. गाडी हलली, तेव्हा त्या म्हणाल्या, घरी वरणभात आहे, सकाळचं सुकट आहे, आणखी काही करत बसू नको.

दुसऱ्या दिवशी मी दुपारपर्यंत झोपले. डावा हात आठवडाभर दुखला, आणि दुखतो हे सगळ्यांना सांगता येत होतं, कळतही होतं. डॉक्टरीणबाईंचा फोन आला. मुलुंडच्या एका हॉलमध्ये हाच कार्यक्रम हवा होता, आणि नंतर बहुधा आणखी एक-दोन ठिकाणी. "लोकांना स्टोरी आवडलीय तुझी," त्या म्हणाल्या.

मी नाही म्हटलं. या वेळी नाही म्हणायला ताकद लागली नाही.

नवऱ्याला ते पटलं नाही. "एवढं छान झालं. वर्षभर मेहनत केलीस. आणि आता थांबायचं?"

"थांबत नाहीये. घरी वाजवीन."

"मग स्टेजवर काय प्रॉब्लेम आहे?"

"तिकडे मी एका हाताची बाई असते रे. घरी नुसती वाजवते."

त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "ठीक आहे, यार. तुझं तू बघ." तो रागावला नव्हता. तोही दमलाच होता. दोन वर्षं दवाखान्यांच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर तोही बसलाच होता.

मेंदूच्या डॉक्टरांना मी कळवलं की इंजेक्शनं आता नकोत. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. उजव्या हातात सुधारणा नाही, बिघाडही नाही. तो लिहितो, पोळ्या लाटतो, मोबाईल धरतो. शिकवण्या वाढल्यात. त्या हॉलमध्ये मोठ्यानं विचारणारी मुलगी आता माझ्याकडे शिकायला येते. फार हुशार नाही, पण चुकली की घाबरत नाही. दुपारी तिच्या आधी अर्धा तास रिकामा असतो. तेव्हा मी कधी तो उजळणारा भाग वाजवते, कधी काहीच वाजवत नाही, पियानोच्या झाकणावर डोकं टेकून बसून राहते. आतून सासूबाई विचारतात, "चाय टाकू?" मी टाका म्हणते.